कॉम्प्युटरची खुशाली

मी आमच्या संस्थेच्या तिन्ही केंद्रांना लेखी सूचना पाठवली होती, की कॉम्प्युटरला प्रश्न विचारण्याआधी त्याची खुशाली विचारावी. खाली माझी सही, आणि सहीखाली हुद्दा: संगणक सल्लागार.

ही थट्टा नव्हती. सूचना लिहिताना मी पूर्ण शुद्धीत होतो. आणि सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे, खुशाली विचारल्यावर कॉम्प्युटर खरंच चालायला लागला होता.

हिंगोली जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मी औरंगाबादेत कॉम्प्युटर शिकलो. बरोबरीची पोरं पुण्याला गेली. मीही गेलो होतो, पण पुण्यानं चहा पाजून परत पाठवलं. घरी मी कारण सांगितलं, गावाची ओढ. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. अक्कानं माझ्याकडं नुसतं बघितलं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. ती मला पाळण्यापासून ओळखते.

अक्का तेव्हा शेळी-मेंढीपालकांच्या एका संस्थेची सचिव होती. कचेरी हिंगोलीत, आणि केंद्रं तीन ठिकाणी: सेनगाव, आखाडा बाळापूर आणि जवळा बाजार. सभासदांनी जनावरं केंद्रावर आणायची, तिथून ती गाडीत चढायची आणि हैदराबादेला जायची. तिकडच्या व्यापाऱ्यांची अट एकच होती. लस दिलेलं जनावर असेल तरच गाडीत चढेल. एक आजारी बोकड चढला की अर्धी गाडी खोकत उतरते, हे त्यांनी सोसलेलं होतं. म्हणून प्रत्येक जनावराच्या कानात नंबराचा बिल्ला अडकवला होता, आणि कुठल्या नंबराला कोणती लस, पोटातल्या आंत्रविषाराची की दुसऱ्या रोगाची, कधी दिली ते सगळं हिंगोलीच्या कॉम्प्युटरात भरलं होतं. केंद्रावरच्या माणसानं तिथल्या कॉम्प्युटरवर नंबर टाकून विचारायचं आणि हिंगोलीनं उत्तर द्यायचं, एवढंच काम.

हे काम कुणाला द्यायचं यावरून संचालकांची सभा तापली. मी बाहेरच्या टपरीवर भजी खात बसलो होतो, आणि खिडकी उघडी होती.

"शहरातली कंपनी बोलवा," उपाध्यक्ष म्हणाले. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्या तोलूनमापून बोलायचे, आणि मापात नेहमी मारायचे.

"घरात पोरगं शिकून बसलं हाय, त्याला काहून न्हाई?" अक्का म्हणाली.

"घरचं हाय म्हणूनच न्हाई."

"तात्या, ह्यानं चालवून न्हाई दाखवलं तर मी सचिवाची खुर्ची सोडते. लिहून घ्या."

माझ्या घशात भजं अडकलं. त्या खुर्चीत पहिल्यांदाच एक बाई बसली होती. ती कधी उठते याची वाट बघणारे सभेत कमी नव्हते, आणि आता तिनं स्वतःच त्यांच्या हातात दोरी दिली होती. दोरीचं दुसरं टोक माझ्या गळ्यात होतं. मी अजून दोन भजी मागवली.

आता कामाबद्दल थोडं सांगतो. घाबरू नका, मलाही तेवढंच कळतं.

एका कॉम्प्युटरनं दूरच्या कॉम्प्युटरला हाक मारायची, काम सांगायचं आणि उत्तर असं घ्यायचं, की जणू ते आपल्याच पोटातून आलं. सेनगावच्या माणसाला हिंगोली मध्ये आहे हे जाणवताच कामा नये. ही हाक जायला माझ्याकडं दोन रस्ते होते. कचेरीच्या अंगणात जनावरांचा वाडा होता, तिथला कॉम्प्युटर सरळ वायरनं जोडलेला. तीन केंद्रं लांब होती, ती फोनच्या लाइनवरून इंटरनेटनं जोडलेली. हाक तीच, रस्ते दोन. प्रत्येक हाकेच्या माथ्यावर एक चिठ्ठी असते. हा निरोप कुणाचा, कुणाला, कसा न्यायचा हे तिच्यावर लिहिलेलं असतं. आम्ही तिला हेडर म्हणतो. मी मोठ्या हुशारीनं दोन्ही रस्त्यांसाठी एकच प्रोग्राम लिहिला. येईल ती चिठ्ठी वाचायची, उत्तर तयार करायचं, चिठ्ठी उत्तराच्या माथ्यावर लावायची, पाठवून द्यायचं. वाड्यातल्या वायरवर तो घोड्यासारखा पळाला. मी अक्काला बोलावून दाखवलं. अक्कानं बिल्ल्याचा नंबर टाकला, समोर शेळीची जन्मकुंडली उभी राहिली.

"बरं केलंस," अक्का म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच.

मग केंद्रं सुरू झाली, आणि दुसऱ्याच दिवशी सेनगावच्या ताईंचा फोन आला. ह्या ताई केंद्रावर कॉम्प्युटर सांभाळायच्या. शब्द जपून वापरायच्या.

"भाऊ, तुमचा कॉम्प्युटर बोलता बोलता झोपून राहिला."

"म्हणजे?"

"म्हणजे एवढंच आलं: काळी शेळी, आंत्रविषार लस दि."

"दि?"

"दि. पुढं काईच न्हाई. दिली का दिली न्हाई? शेळी इथं उभी हाय, गाडी उभी हाय, मालक तर बोंबलूनच राहिला. चढवू का उतरवू, तुमी सांगा."

मी माझ्यासमोरच्या कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, चढवा. मग दिवसभर तेच. जवळा बाजारहून फोन, सेनगावहून फोन. दूरच्या कॉम्प्युटरला हाक मारायचं माझं तंत्रज्ञान शेवटी असं चाललं, की माणूस फोन उचलून मला हाक मारायचा.

"लाइन खराब असंल," मी अक्काला सांगितलं. कुठलाही कॉम्प्युटरवाला पहिल्यांदा हेच सांगतो. हे आम्हाला शिकवावं लागत नाही.

"मग बाळापूरची लाइन काहून खराब न्हाई?" अक्कानं विचारलं.

हे मात्र खरं होतं. बाळापूरहून एकही तक्रार नव्हती. तिथं एक चाचा होते. कळमनुरीच्या कोर्टाबाहेर अर्ज टाइप करण्यात त्यांची उमर गेली होती. संस्थेत त्यांना टायपिंग येतं म्हणून घेतलं होतं. मी फोन लावला.

"चाचा, उत्तर पूर्ण येतं?"

"बराबर आता है. काहून नै येणार?"

"तुम्ही विचारता कसं?"

"जैसा पूछना वैसा. अदब से."

मी हिंगोलीत आलेले त्यांचे प्रश्न उघडून बघितले. नंबराखाली शेऱ्यासाठी एक मोकळी जागा मी ठेवली होती. बाकीचे ती कोरी सोडत. चाचा तिथं दर जनावरामागं अर्ज लिहीत होते: 'सेवेशी सलाम. आपली तबियत बराबर असेल अशी उम्मीद आहे. वर लिहिलेल्या जनावराची हकीकत कळवण्याची मेहेरबानी व्हावी. आपला ताबेदार, केंद्र बाळापूर.'

कोर्टात नुसता नंबर टाकून कुणी काही विचारतं का? चाचांचं म्हणणं बरोबरच होतं.

आणि इथं माझ्या शिक्षणानं कच खाल्ली. मी सेनगावच्या ताईंना म्हणालो, शेऱ्यात काहीतरी लिहून बघा. थोड्या वेळानं त्यांचा फोन.

"भाऊ, 'कसे आहात' लिहिलं तर थोडं पुढं गेलं. 'लस दिलेली' पर्यंत आलं."

"मग?"

"मग घरच्यांची विचारपूस केली. पोराबाळांची केली. तवा पूर्ण आलं."

कुणाही शहाण्या माणसाला इथंच उजेड पडला असता. जितकी खुशाली तितकं उत्तर, आणखी काय सांगायला हवं होतं? पण मला वाटलं, लाइन थंड असते, मोठा निरोप गेला की ती तापते आणि नीट चालते. ट्रॅक्टरचं नाही का तसंच असतं, थंडीत चार वेळा हँडल मारावं लागतं. असा ट्रॅक्टरचा सिद्धांत मांडून मी ती सूचना लिहिली आणि सगळ्या केंद्रांना पाठवली.

सूचना चालली. तीन केंद्रं धडाधड चालायला लागली. गाड्या भरल्या. अक्कानं माझ्यासाठी पुरणाची पोळी केली. मीही गावात छाती काढून फिरायला लागलो. सेनगावच्या ताई चिडून काहीही लिहायच्या. एकदा मी शेरा वाचला: 'तुमाला जेवायला मिळतं का न्हाई, उत्तर द्या लवकर.' उत्तर पूर्ण गेलं होतं. मेंढपाळांत बोलणं सुरू झालं, की हिंगोलीचा कॉम्प्युटर खानदानी आहे, नमस्कार केल्याशिवाय बोलत नाही. एक आजोबा केंद्रात शिरताना चप्पल बाहेर काढायला लागले.

हे सगळं तात्यांच्या कानावर जायला किती वेळ? पुढच्या सभेत त्यांनी सूचनेचा कागद टेबलावर ठेवला.

"सचिवबाई, मी माझ्या सासऱ्याला कधी वाकून नमस्कार केला न्हाई. ह्या डबड्याला करू?"

सभा हसून हसून लोळली. अक्का हसली नाही.

"येत्या बाजाराला जवळा बाजारात मी स्वतः बसतो," तात्या म्हणाले. "हैदराबादवाले तिथंच असतील. एक नंबर टाकतो. सलाम न्हाई, खुशाली न्हाई. उत्तर पूर्ण आलं तर माझं तोंड बंद. न्हाई आलं तर तुमचा शब्द तुमी पाळा."

"पाळते," अक्का म्हणाली.

अक्का माझ्याबरोबर घरी आली. दारात चपला काढताना म्हणाली, "मला खरं सांग. तुला कळलं हाय का, ते काहून चालून राहिलं?"

"लाइन तापते."

"माझं डोकं तापायच्या आत बाळापूरला जा अन् बघून ये."

बाजार दोन दिवसांवर होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं बाळापूर गाठलं. चाचा टेबलापाशी बसले होते. डोक्यावर टोपी, शेजारी पानाचा डबा. माझ्यासाठी त्यांनी खुर्ची पुसली.

"दिखाता हूँ," म्हणाले, आणि दोन बोटांनी अर्ज लिहायला घेतला. त्या दिवशी मी पाहुणा म्हणून त्यांनी अर्ज आणखी सजवला. पाऊसपाणी विचारलं, हिंगोलीच्या सगळ्या लहानथोरांना सलाम लिहिला. मग बटण दाबलं. मोडेम कर्र करून ओरडलं, आणि उत्तर अक्षर अक्षर करत पडद्यावर आलं. पूर्ण. शेवटच्या टिंबासकट.

पण मशीन मोकळं झालं नाही. उत्तर येऊन गेलं, तरी ते तसंच थांबून राहिलं.

"चाचा, हे काय?"

"वो हमेशा ऐसाच रुकता. सोचरा वो."

"काय सोचतंय? सांगून तर झालं सगळं."

"मेरे को लगता, और कुछ बोलना है उसको. लिहाज में नै बोलता." चाचांनी पान लावायला घेतलं. "आज जास्ती देर रुका. आज मैंने जास्ती लिखा ना."

आज जास्त लिहिलं, म्हणून आज जास्त वेळ थांबलं. मी खुर्चीवरून उठलो.

ते काही सोचत नव्हतं. ते वाट बघत होतं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं, की अजून अक्षरं यायची आहेत. आणि ती येत नव्हती, कारण मुळात ती नव्हतीच. जितकी अक्षरं बाकी तितका वेळ थांबायचं आणि मग सोडून द्यायचं, हा नियमही मीच घातलेला. सेनगावच्या मशीनला उलटं सांगितलं होतं, की बास, एवढीच अक्षरं आहेत. म्हणून ते 'दि' वर कान बंद करायचं. किती अक्षरं यायची आहेत, हे सांगतं कोण? चिठ्ठी. फोनच्या रस्त्यावरून जाणाऱ्या निरोपाच्या चिठ्ठीवर निरोप किती अक्षरांचा आहे ते लिहिलेलं असतंच, त्या रस्त्याची ती रीतच. आणि मी हुशारीनं काय केलं होतं? प्रश्नाची चिठ्ठी उपटून तशीच उत्तराच्या माथ्यावर डकवली होती. म्हणजे उत्तर कितीही लांब असो, चिठ्ठी सांगायची प्रश्नाची लांबी. ताईंनी विचारलं आखूड, तर उत्तर आखूड कापलं. चाचांनी विचारलं लांबलचक, तर मशीन उरलेल्या सलामांची वाट बघत उभं. वाड्यातल्या वायरवर मी लांबीऐवजी निरोपाच्या शेवटी एक खूण ठेवली होती, म्हणून तिथं पाप झाकलं गेलं.

गावाकडून डबा येतो ना एस.टी.नं? आई ड्रायव्हरला सांगते, हिंगोलीच्या स्टँडवर उतरवा. तेच सांगणं डब्यावर लिहून मी रिकामा डबा परत गाडीत ठेवला, तर तो डबा फिरून हिंगोलीलाच येणार. दोष एस.टी.चा नाही आणि डब्याचाही नाही. परतीच्या गाडीला परतीचं सांगणं नवं लागतं, आणि जीपनं पाठवला तर जीपवाल्याचं वेगळं. हे आमच्या आईला कळत होतं. मला पदवी होती.

मी बाळापूरच्या त्या खोलीत अक्षरशः नाचलो. चाचांच्या हातातलं पान खाली पडलं.

"या अल्ला, क्या हुआ?"

"चाचा, सापडलं! चूक माझी आहे! सगळी माझीच!"

"तो इसमें इतना खुश काहून होरे?"

चुकीसाठी एवढा आनंद झालेला माणूस चाचांनी कोर्टातही बघितला नसेल. मी दोन शब्दांत समजावलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मतलब सलाम की जरूरत नै?"

"नाही चाचा."

त्यांनी खाली पडलेलं पान उचललं. "करूँगा मैं. तुम्हारी मशीन के वास्ते थोडी करता था."

हिंगोलीला परत येऊन मी दुपारीच प्रोग्रामला हात घातला. चिठ्ठीचे दोन भाग केले. कुणी विचारलं, कुठल्या केंद्रानं, कुठल्या जनावराबद्दल, हे सगळं निरोपाच्या आत गेलं, ते कुठल्याही रस्त्यानं गेलं तरी बदलणार नाही. लांबी वगैरे जे त्या त्या रस्त्याचं, ते त्या रस्त्यानंच निरोप निघताना मोजून लिहायचं, आणि पोचल्यावर तिथंच फाडून टाकायचं. आत येऊ द्यायचं नाही. काम एवढंसं होतं. प्रोग्राम आधीपेक्षा लहान झाला. मी सेनगावला फोन केला.

"ताई, नुसता नंबर टाका."

त्यांनी फोन ठेवला, नंबर टाकला आणि परत फोन लावला. मग ताई म्हणाल्या, "आलं. पूर्ण. आता तुमची खुशाली विचारायची न्हाई ना?"

"नाही."

"सुटले माय."

दुसऱ्या दिवशी जवळा बाजार फुललेला. शेळ्यांचं ओरडणं, कापसाच्या गाड्या, चहाच्या किटल्या. केंद्रात पाय ठेवायला जागा नाही. संचालक एका बाजूला, हैदराबादचे व्यापारी दुसऱ्या बाजूला, खिडकीत मेंढपाळांच्या पागोट्यांची रांग. अक्का टेबलाशेजारी उभी होती. खुर्ची रिकामी असूनही बसली नाही.

तात्या आले. मागं त्यांचा गडी एक तांबडा बोकड ओढत होता.

"नंबर ह्याचाच टाकतो," तात्या म्हणाले. "माझा हाय. ह्याचं खरं काय ते मला ठाऊक हाय. तुमच्या डबड्याला ठाऊक हाय का, बघू."

एकेक आकडा त्यांनी तर्जनीनं दाबला. शेरा कोरा. बटण दाबण्याआधी खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "तात्या, रामराम तरी करा त्याला!" तात्यांनी बटण दाबलं.

मोडेम ओरडलं. अक्षरं यायला लागली, आणि मी ती मोठ्यानं वाचायला लागलो, कारण गप्प उभं राहणं मला जमत नव्हतं. "तांबडा बोकड... आंत्रविषार लस दि..."

इथं माझा आवाज फाटला. अक्काचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाला.

"...दिलेली नाही. मालकाला दोनदा निरोप दिला, मालक आले नाहीत. गाडीत चढवू नये."

आणि मशीन लगेच मोकळं झालं, पुढच्या प्रश्नाला तयार.

पहिल्यांदा बोकड बोलला. मग खिडकीत जो हशा फुटला, तो बाजारभर गेला असेल. हैदराबादचा एक व्यापारी तात्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "साब, मशीन तो आप को पहचानती!" तात्यांनी बोकडाकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं.

"बराबर हाय," ते म्हणाले. "न्हाई दिली लस. राहून गेली." मग गड्याला म्हणाले, "ने त्याला घरी." आणि अक्काकडं वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सचिवबाई, बसा खुर्चीत. आता उभं राहायची पाळी आमची."

अक्का बसली. पदर सारखा करून, अगदी सावकाश, भरलेल्या गाडीसारखी बसली. त्या बसण्यासाठी मी आणखी दहा प्रोग्राम लिहिले असते. दिवसभर नंबर पडत राहिले, उत्तरं येत राहिली, दोन गाड्या उन्हं उतरायच्या आत भरून निघाल्या. एकालाही मला फोन करावा लागला नाही. मी तिथंच उभा असल्यानं करायची गरजही नव्हती, ही गोष्ट वेगळी.

विजयाची नशा वाईट. चहा फिरत असताना मी सगळ्यांना उभं करून समजावलं, की चूक कशी सूक्ष्म होती, प्रश्नाची चिठ्ठी उत्तराला कशी लागली, आणि ती माझ्याशिवाय कुणाला सापडली नसती. हैदराबादवाले माना हलवत होते. तात्यांनाही राहवलं नाही.

"पोरगं हुशार हाय," ते म्हणाले. "अरे, एक हार आणा रे ह्याला. मोठा आणा."

एक जण हाराला पळाला. मी मान थोडी खाली केली, हार घालायला सोपं जावं म्हणून.

अक्कानं चहाची बशी खाली ठेवली.

"ज्यानं सांडलं त्यानंच पुसलं," ती म्हणाली. "त्याला हार काहून घालून राहिले?"